चुलीपाशी घेतलेली साक्ष

इंदू,

परवा तुझी तेरवी झाली. जेवणं चांगली झाली असं सगळे म्हणत होते. तुझ्या मामेभावानं आचारी लावला होता; वडे होते, कढी होती, खीर होती. प्रताप नगरातले तुझे शेजारी आले, कोर्टातले वकील आले, आणि त्यातल्या एकानं उभं राहून तुला 'अनाथांची माय' म्हटलं. मी मनात म्हटलं, बरं आहे की ही ऐकायला नाही. 'मी कोणाची माय नाही, मी वकील आहे, मला वकील म्हणा,' हे तू एकदा भर कोर्टात न्यायाधीशांना ऐकवलं होतंस. ते बिचारे समोरचे कागद उगाच चाळत बसले होते.

मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी नाही बोलले. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे आणि ते चार लोकांत काय बोलायचं? म्हणून आज घरी बसून लिहून राहिले. जिवंत होतीस तेव्हा एकदाही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस. आज ऐकावं लागेल.

आपली ओळख झाली तीच भांडणातून. आईबाप गेलेल्या पोरांचे अर्ज जिल्हा कोर्टात यायचे. काका म्हणे मला द्या, मामा म्हणे मला द्या, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत. मग न्यायाधीश त्या पोराच्या बाजूनं एक वकील नेमत: नातेवाइकांच्या घरी जा, बघा, आणि पोर कुठं नीट राहील ते लेखी द्या. या कामात ना नाव ना मान, म्हणून बाकीचे वकील ते टाळत आणि 'बाईमाणूस आहे, मुलांचं समजतं' असं म्हणून तुझ्या गळ्यात घालत. मी सरकारी नोकरीत, प्रोबेशन ऑफिसर. पोर एखाद्या घरी ठेवल्यावर अधूनमधून जाऊन पाहून यायचं माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी एसटीत खिडकीच्या जागेवरून आपली जुंपली. तू म्हणालीस, मला गाडी लागते. मी म्हटलं, मलाही लागते. खिडकी तूच घेतलीस, आणि सावनेरपर्यंत मी पिशवी तोंडाशी धरून तुझ्या नावानं बोटं मोडत बसले.

पण तुझं काम बघितलं आणि माझा राग गेला. घरच्या पुरुषाशी तू ओसरीवर जुजबी बोलायचीस. मग त्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवायचीस आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसायचीस. 'मामा कोर्टात अर्ज करतो, शालू. पोराला वाढते मामी. आणि तिला कोणी विचारत नाही,' असं तू म्हणायचीस. चुलीपाशी बसून पुढ्यातलं सूप ओढून घ्यायचीस आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायला लागायचीस. हात कामात असले की बाई खरं बोलते, हे तुझं म्हणणं. खडे बाजूला काढता काढता विचारायचीस, 'हे पोट्टं तुम्हाले पाहिजे काय? नको असंन तं नको म्हणा. मी तुमचं नाव कोणापाशी घेणार नाही.' बायका आधी बावरून जात. मग काही रडत, काही नवऱ्याच्या साऱ्या खानदानाचा उद्धार करत. तू मान हलवत ऐकत राहायचीस आणि तांदूळ निवडून संपवायचीस.

सावनेरकडच्या एका गावात एका बाईनं तोंडावर सांगितलं, 'नको जी. माझ्यानं होणार नाही. मी मारीन त्याले.' तू उठलीस आणि तिच्या पाया पडलीस. ती बाई घाबरून भिंतीला टेकली. बाहेर आल्यावर मी विचारलं, 'हे काय नाटक वं?' तर तू माझ्यावरच उसळलीस. 'तिनं एका पोराचा जन्म वाचवला आणि तुला नाटक दिसून राहिलं?' ते पोर मग आत्याकडे गेलं आणि तिथं चांगलं वाढलं. परवा आला होता. पोस्टात आहे, मिशी राखली आहे, पंगतीत वाढत होता. असे बरेच आले होते, इंदू. मला सगळ्यांची नावं आठवली नाहीत. तुला आठवली असती.

हा तुझा हट्ट कुठून आला ते तू एकदाच सांगितलंस, भंडारा रोडवर गाडी बंद पडून आपण झाडाखाली बसलो होतो तेव्हा. तू मामाकडे वाढलेली. 'माझ्या मामीनं मला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही,' तू म्हणालीस. 'फक्त माझं ताट ती थोडं वरून सोडायची. बाकीच्यांचं ठेवायची, माझं सोडायची. मला वाटे तिचे हात दुखत असतील. मोठेपणी समजलं, मला आणताना तिला कोणी विचारलंच नव्हतं. एक दिवस मामानं मला आणून तिच्यापुढं उभी केली. तिला एकदा नाही म्हणू दिलं असतं तर आम्ही दोघी सुटलो असतो.' मी माझ्या डब्यातली लोणच्याची फोड तुला दिली. तू ती खाल्लीस आणि विषय बदललास.

तर तिथून तुझा कायदा: नाही म्हणणाऱ्या बाईच्या घरी पोर ठेवायचं नाही. तिला गळ घालायची नाही, लाजवायचं नाही, पुन्हा विचारायचं नाही. कायदा कसला, अंगातच मुरलं होतं ते. तुझ्याकडे जेवायला आलं आणि पोळी नको म्हटली की तू डबा बंद करायचीस. मी किती वेळा अर्धपोटी घरी आले आणि मुलांच्या उरलेल्या भातावर दही घालून खाल्लं, ते तुला कधी सांगितलं नाही. चारचौघांत हात आखडता घ्यावा, मग वाढणारीनं आग्रह करावा, ही आपल्याकडची रीत तुला ढोंग वाटे. 'तोंड दिलंय ना देवानं? भूक असेल तर सांगावं,' म्हणायचीस.

आता छबीचं बोलू. हे नाव निघालं की तू पाणी प्यायला उठायचीस. आज उठता येणार नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. सात वर्षांची पोर. आई बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ बाप काविळीनं. खाप्याला काकाच्या घरी होती, तेवढ्यात मौद्याच्या मामानं अर्ज केला, भाचीला मी नेतो. काकानंही अर्ज केला. तिनं कुठं राहायचं एवढाच प्रश्न होता, आणि कोर्टानं तो तुझ्या हाती दिला.

खाप्याला आपण गेलो तेव्हा काकू, गिरजाबाई, अंगणात बसली होती. छबीचं डोकं मांडीवर घेऊन फणीनं उवा काढत होती. तिच्या स्वतःच्या तिघी मुली तिथंच खेळत होत्या. तू काकाला नदीकडच्या वावरात पाठवलंस, मुलींना बाहेर काढलंस. छबी मात्र हलायला तयार नव्हती, तिला तशीच मांडीवर राहू दिलं. तू निवडायच्या डाळीनं भरलेलं सूप पुढ्यात ओढलंस आणि विचारलंस.

गिरजाबाईनं वर पाहिलं नाही. 'नाही वं बाई. मले कायले पाहिजे? माझ्याच तिघी आहेत. मामा मागून राहिला ना, तं द्या त्याले.'

'नक्की?'

'आता कितीखेप सांगू?' असं म्हणून तिनं छबीचं डोकं दुसऱ्या बाजूला वळवलं, कानामागं फणी घातली आणि एक ऊ काढून नखावर मारली. छबीचे डोळे मिटले होते. बहुतेक झोपलीच होती.

तू सूप खाली ठेवलंस, हात जोडलेस आणि उठलीस. स्टँडवर आल्यावर मी म्हटलं, 'इंदू, तिचे हात पाहिलेस का? नको असलेल्या पोरीच्या उवा कोणी असं बसून काढते का?' तू म्हणालीस, 'हातांवर मी रिपोर्ट लिहू शकत नाही. बाईनं नाही म्हटलं.' मी म्हटलं, 'तोंडानं म्हटलं.' तू म्हणालीस, 'मग कशानं म्हणायचं? तिनं आयुष्यात कधी नाही म्हटलं असेल का? एकदा म्हटलं, तर तूही ऐकायला तयार नाहीस. तुझ्यात आणि तिच्या सासूत फरक काय?' हे मला लागलं. मी परतीच्या गाडीत तुझ्याशेजारी बसले नाही.

मौद्याची मामी गोड. पाणी, चहा, पोहे. 'हो जी, पाहिजे ना. हो जी, आमचीच आहे.' मामा सज्जन होता, बहिणीचं नाव काढल्यावर त्याच्या डोळ्याला धार लागली. घर नीटनेटकं, शाळा जवळ. तू रिपोर्ट दिलास, न्यायाधीशांनी मान्य केला, आणि पावसाळा संपता संपता छबी मौद्याला गेली. मी बघायला गेले तेव्हा अंगात धुतलेला फ्रॉक होता, शाळेत नाव घातलं होतं. तक्रार करावी असं काही नव्हतं. विचारलं तर म्हणाली, 'चांगली आहे.' तसंच लिहून दिलं मी.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला ताप आला. मामाला वाटलं मामीनं औषध दिलं असेल. मामीला वाटलं मामा डॉक्टरला सांगून आला असेल. पोरगी कोपऱ्यात पडून होती आणि कोणाला हाक मारत नव्हती. शेजारणीनं आरडाओरडा केला तेव्हा तिला नागपूरला सरकारी दवाखान्यात आणलं. तू आणि मी पोचलो तोवर तिच्यावर चादर ओढली होती. मामा भिंतीवर डोकं आपटत होता. तू मामीजवळ गेलीस. मला वाटलं तू तिला बोलशील. पण तीच बोलली. 'बाई, तुम्ही विचारलं तव्हा मी नाही म्हणू शकत होती काय? कोर्टाच्या बाईले?'

तिला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, घरातून काढलं नाही. ती त्या घरात कोणाचीच नव्हती, आणि म्हणून मेली. त्या पोरीला एक घर पाहिजे होतं, इंदू, आणि ते घर खाप्याला होतं. मांडीवर झोपली होती ती. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं.

आणि हेच मी तुला पुढं दरवर्षी सांगत राहिले. तू एक इंच मागं हटली नाहीस. 'माझा रिपोर्ट बरोबर होता.' 'नाही म्हणणाऱ्या बाईच्या घरी मी पोर ठेवणार नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.' बाकीच्यांसमोर तर तू आवाज चढवून बोलायचीस. मला तुझा तिरस्कार यायचा, खरं सांगते. इतकी दगड कशी झाली ही, असं वाटायचं. छबी गेल्यावर तू प्रत्येक घरी दोनदा जायला लागलीस, मध्ये आठवडा-पंधरवडा सोडून. न्यायाधीश वैतागायचे, पुढची तारीख किती वेळा मागता म्हणायचे. मी समजले की तू भ्यालीस, आता तुझा तुझ्यावर भरवसा राहिला नाही, आणि तरी कबूल करत नाहीस.

तुझ्या शेवटच्या दुखण्यातसुद्धा मी सोडलं नाही तुला. पोटातलं दुखणं वाढलं होतं, बोलताना धाप लागत होती. मी मोसंबीचा रस काढून आणला, तू नको म्हणालीस. मी म्हटलं, 'घे.' तू म्हणालीस, 'नको म्हटलं ना.' माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, 'तू आणि तुझं नको. त्या नकोनं एक पोरगी गेली.' तू भिंतीकडे तोंड केलंस. थोड्या वेळानं म्हणालीस, 'झालं तुझं?' मी पेला तिथंच ठेवून निघून आले. नंतर दोनदा येऊन गेले, पण तू ग्लानीत होतीस. आपलं शेवटचं बोलणं ते. लोक म्हणतात मरणाऱ्याशी गोड बोलावं. आपल्याला जमलं नाही. तुला तरी कुठं आवडलं असतं.

आता मी सांगते ते तुला माहीत आहे. मला परवा समजलं.

पंगती उठत होत्या तेव्हा फाटकाशी एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. मी ओळखलं नाही. तिनंच विचारलं, 'शालूबाई ना जी तुम्ही?' गिरजाबाई होती, खाप्याची. केस पांढरे झाले, समोरचे दात पडले. पेपरात तुझा फोटो पाहून पुतण्यानं सांगितलं म्हणे, म्हणून आली. मला वाटलं जाब विचारायला आली. मी तिला मागच्या खोलीत नेलं, ताट वाढून आणलं. तिनं नको म्हटलं. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा हात धुवायला उठली.

जेवता जेवता मी विचारलंच. 'गिरजाबाई, तेव्हा तुम्ही नाही काहून म्हटलं?'

तिनं घास खाली ठेवला. 'काय करू जी. छबीच्या बापाचं वावर आमच्याच वावराले लागून. मी लगेच हो म्हणली असती तं गाव म्हणलं असतं, वावरासाठी पोट्टी ठेवली. पहिल्या खेपेले कोणी हो म्हणते काय? मले वाटलं, बाई उद्या परवा येईन, आणखी एक डाव विचारीन, मंग हो म्हणावं. मी वाट पाहून राहिली होती. तं मामाच आला कोर्टाचा कागद घेऊन. पोट्टी जाऊन नाही राहिली होती. माझ्या लुगड्याचा काठ धरून बसली होती.'

इतकी वर्षं मी तुला हात, हात म्हणून ओरडत राहिले, आणि मलाही हे समजलं नव्हतं. मी म्हटलं, 'बरं झालं हे इंदूला माहीत नव्हतं. नाहीतर तेव्हाच गेली असती ती.'

गिरजाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. 'माहीत होतं ना जी. बाई आल्या होत्या.'

पोट्टी मेल्याला महिना झाला असेल, ती म्हणाली. तू एकटीच आलीस. अंगणात थांबली नाहीस, सरळ चुलीपाशी जाऊन बसलीस. सूप घेतलं नाहीस, कशाला हात लावला नाहीस. म्हणालीस, 'गिरजाबाई, मी दुसऱ्यांदा विचारून राहिले. छबी तुम्हाले पाहिजे काय?'

'मंग तुम्ही काय म्हटलं?'

'काय म्हणू? हो म्हटलं. म्हटलं, आणून द्या जी.'

इंदू, हे उत्तर घेऊन तू एसटीत बसलीस, नागपूरला आलीस, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात माझ्याशी भांडलीस? आणि त्यानंतर इतकी वर्षं? एकदा सांगायचं होतंस गं. मी काय केलं असतं? ओरडले असते, मग तुझ्याशेजारी बसून राहिले असते. मला जिंकायचं नव्हतं. त्या पोरीसाठी कोणीतरी माझ्याबरोबर रडावं एवढंच पाहिजे होतं, आणि तू माझ्याआधी, एकटी, चोरून रडून आली होतीस. तुझा राग येतो मला. आणि तुझ्यावाचून या गावात आता मला कोणी नाही.

गिरजाबाईनं ताट रिकामं केलं, स्वतःच धुतलं. मी तिला बस स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना तिनं माझा हात धरला.

'बाईनं ऐकून घेतलं अन् उठल्या,' ती म्हणाली. 'दारापाशी जाऊन थांबल्या. मंग म्हणल्या, उद्या आणते. बस, तेवढंच. मले माहीत होतं जी, मीच गेली होती तिच्या मातीले. तरी दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर जाऊन बसली. गाड्या येत होत्या, लोक उतरत होते. संध्याकाळची गाडी रिकामी झाली, मंग घरी आली.'